शब्दचर्चा : प्रोग्रॅम कॉन्फिग फाइलचं ‘संपादन’ करतो का?

रत्नागिरीहून :

कॉलेजच्या मुलांसाठी पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेची मराठी टिपणं लिहितोय. विषय आहे कॉन्फिग फाइल, म्हणजे प्रोग्रॅमच्या सेटिंग्ज ठेवलेली फाइल, कोडने वाचणं आणि बदलणं. ‘कॉन्फिग फाइल’ या नामाबद्दल माझा प्रश्न नाही. विन्यास, संरचना असे पर्याय आहेत, पण मुलं कॉन्फिगच म्हणतात आणि ते तसंच राहू द्यावं. मी अडलोय क्रियापदापाशी.

‘प्रोग्रॅम फाइलचं संपादन करतो’ असं लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं, फाइल उघडली, हवी ती ओळ गाठली, तेवढी बदलली, बाकी सगळं जागच्या जागी. पायथनचा कॉन्फिगपार्सर, म्हणजे अशा फाइली वाचणारी-लिहिणारी तयार लायब्ररी, असं करतच नाही. जेटीवरच्या सूचना फलकाची ही नमुना फाइल बघा :

[जेटी]
; उधाणाला खालच्या पायऱ्या बुडतात, ४५ च्या खाली आणू नये
उधाण_अंतर = ४५
भोंगा = हो

कोडने ही फाइल वाचली, उधाण_अंतर ६० केलं आणि परत लिहिली. आता तीत हे उरतं :

[जेटी]
उधाण_अंतर = ६०
भोंगा = हो

अर्धविरामाने सुरू होणारी, माणसांसाठी लिहिलेली ओळ (कॉमेंट) गेली. एरर नाही, इशारा नाही. वाचतानाच कॉन्फिगपार्सर अशा ओळी टाकून देतो. मेमरीत राहतात ते फक्त विभाग, नावं आणि त्यांच्या किमती. लिहायची वेळ आली की त्याच्याकडे जे आहे त्यातून तो अख्खी फाइल नव्याने तयार करतो. ‘संपादन’ शब्दामुळे मुलांना हे कळतच नाही आणि त्या ओळीत कुणीतरी कळकळीने लिहून ठेवलेलं कारण कायमचं जातं. मला नेमका शब्द हवाय.

गुहागरहून :

‘अद्ययावत करणे’ चालेल का? सरकारी संकेतस्थळांवर सर्रास असतो.

रत्नागिरीहून :

त्यात निकाल सांगितला जातो, कृती नाही. फाइल अद्ययावत झाली हे खरंच, पण कशी झाली तेच तर मुलांना सांगायचंय.

देवगडहून :

आपल्याकडे यासाठी रुळलेला शब्द आहे : फेरफार. कोकणात सातबारा न हाताळलेलं घर सापडणं कठीण, त्यामुळे तो समजावून सांगावा लागणार नाही. जमिनीवर वारसांची नावं चढली की आधी गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत नोंद होते. मग सातबाऱ्यावर जुनं नाव कंसात जातं आणि नव्या नावाशेजारी फेरफार क्रमांक येतो. त्यासाठी उतारा कुणी कोरा करून पुन्हा लिहीत नाही. एक नोंद बदलते, बाकीच्या राहतात, आणि काय बदललं तेही दिसत राहतं.

तेव्हा प्रोग्रॅम नेमकी नोंद बदलत असेल आणि उरलेल्या मजकुराला हात लावत नसेल, तर तो फेरफार. सगळं नव्याने लिहीत असेल तर पुनर्लेखन. आणि तुमच्या त्या हरवलेल्या ओळीला ‘शेरा’ म्हणा. सातबाऱ्यात शेऱ्याचा रकाना असतोच. ‘टिप्पणी’ म्हटलं की कुणीतरी मत दिल्यासारखं वाटतं. शेरा नोंदीला चिकटलेला असतो.

रत्नागिरीहून :

देवगडकर, मनापासून आभार. हाच भेद मला हवा होता आणि तो प्रत्यक्षात लागू पडतो. टॉमल या दुसऱ्या प्रकारच्या कॉन्फिग फाइलींसाठी पायथन ३.११ पासून टॉमललिब आलं. ते फक्त वाचतं, लिहीतच नाही. टॉमलकिट मात्र शेरे, मोकळ्या ओळी, क्रम सगळं सांभाळून एक किंमत बदलतं. ते फेरफार करतं. यामेल या आणखी एका प्रकारासाठी रुआमेल फेरफार करतं, पायवायएएमएल पुनर्लेखन करतं. आता विद्यार्थ्याला एका शब्दात विचारता येईल : तुझी लायब्ररी फेरफार करते की पुनर्लेखन?

पुनर्लेखनाचा आणखी एक धोका या शब्दामुळे समोर येतो. लिहिण्यासाठी फाइल उघडली की आधी ती रिकामी होते, मग मजकूर उतरतो. मधल्या क्षणी वीज गेली, आणि आपल्याकडे पावसात ती कधीही जाते, तर जुनी फाइल नाही आणि नवीही अर्धवट. म्हणून शेजारी तात्पुरती फाइल पूर्ण लिहावी, ओएस.एफसिंकने ती डिस्कवर उतरवावी आणि मग पायथनच्याच ओएस.रिप्लेसने तिला मूळ नाव द्यावं. म्हणजे नावाखाली एकतर जुनी फाइल सापडते नाहीतर नवी, अर्धवट सापडत नाही.

दाभोळहून :

बदलण्याचं झालं, ‘वाचणे’ या शब्दाचं काय? मला तो जास्त फसवा वाटतो. समजा, फेरीबोटीच्या वेळा यामेलमध्ये इंग्रजी आकड्यांत लिहिल्या आणि पहिली वेळ साडेसहाची आहे. ६:३० लिहिलं तर पायवायएएमएल ३९० हा पूर्णांक हातात देतं. यामेल १.१ मध्ये विसर्गासारख्या चिन्हाने जोडलेले आकडे साठाच्या पटीत मोजायची सोय आहे, म्हणून ६ गुणिले ६० अधिक ३०. आधी शून्य लावून ०६:३० लिहिलं तर मात्र तो नुसता मजकूर राहतो. म्हणजे सकाळची वेळ बरोबर दिसते आणि दहा वाजल्यापासूनच्या सगळ्या वेळा बिघडतात. वेळेला अवतरणचिन्ह लावणं हाच पक्का उपाय. आता इथे फाइल चुकीची ‘वाचली’ का? नाही, अक्षरं बरोबर वाचली, अर्थ वेगळा लावला.

रत्नागिरीहून :

बरोबर. वाचणं आणि अर्थ लावणं या दोन पायऱ्या वेगळ्या सांगायलाच हव्यात. कॉन्फिगपार्सरची गोष्ट उलटी आहे : तो अर्थ लावतच नाही, सगळ्या किमती मजकूर म्हणून देतो. भोंगा = नाही असं लिहिलं आणि कोडमध्ये नुसतं ‘जर भोंगा असेल तर’ तपासलं, तर भोंगा वाजणार, कारण ‘नाही’ हा रिकामा नसलेला मजकूर आहे. किंमत हो-नाहीत बदलणारं त्याचं गेटबूलियन वापरलं तर ते यस, नो, ऑन, ऑफ, ट्रू, फॉल्स, १, ० एवढंच ओळखतं आणि ‘हो’वर एरर देतं. त्याच्या बूलियन_स्टेट्स या कोशात हो आणि नाही आपण घालू शकतो. मग मराठी फाइल खरोखर चालते. ४५ मात्र देवनागरीत लिहिलेलं असलं तरी गेटइंट ते बिनतक्रार पूर्णांकात बदलतं, कारण पायथनचं इंट देवनागरी आकडे जाणतं. पायवायएएमएल ते आकडे मजकूरच समजतं.

पार्सिंगसाठी, म्हणजे मजकूर फोडून त्याचा अर्थ लावण्यासाठी, कुणाला नामच हवं असेल तर शाळेतलं ‘पृथक्करण’ आहे. वाक्यपृथक्करण सगळ्यांनी केलंय.

मालवणहून :

पृथक्करण छान. पण मराठी नावं वापरणार असाल तर एक सांभाळा. ‘पायऱ्या’ शब्दातला अर्धा र दोन-तीन तऱ्हांनी टाइप होतो : ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन, र खाली नुक्ता देऊन, किंवा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक घालून. दिसायला सगळे सारखे, संगणकाला वेगळे. फाइलमध्ये एका कळफलकावरून आणि कोडमध्ये दुसऱ्यावरून आलं तर नाव सापडत नाही. युनिकोडचं एनएफसी, म्हणजे अक्षरं एकरूप करण्याची ठरलेली पद्धत, वापरलं की पहिले दोन एक होतात, तिसरा तसाच राहतो. ‘दर्या’ला हा त्रास नाही, ‘दऱ्या’ला आहे.

रत्नागिरीहून :

हे टिपणात स्वतंत्र चौकटीत घालतो. व्हॅल्यूसाठी ‘किंमत’ ठेवलंय, बीजगणितात चलाची किंमत म्हणतोच. ‘मूल्य’ म्हटलं की मूल्यशिक्षण आठवतं. इंग्रजी ‘की’ (key) म्हणजे ‘नाव’, कारण मराठी वाक्यात ‘की’ आधीच बसलेला आहे. डिफॉल्ट तसाच.

गुहागरहून :

आणि जेसॉन या फाइल-प्रकारातला शेरा?

रत्नागिरीहून :

जेसॉनच्या व्याकरणात शेऱ्याला जागाच नाही. कुणी घातला तर पायथनचं जेसॉन मॉड्यूल फाइल घेतच नाही, एरर देतं. तिथे कारण लिहायचं तर वेगळं नाव करून किंमत म्हणून लिहावं लागतं, आणि मग ते पुनर्लेखनातही टिकतं. फक्त लिहिताना एन्शुअर_आस्की हा पर्याय फॉल्स ठेवा, नाहीतर मराठी मजकुराच्या जागी युनिकोडचे आकडे उतरतात आणि माणसाला तो वाचता येत नाही.