‘ॲबोरिजिनल’ला मराठीत काय म्हणावं?

यारातीर: मी मेलबर्नला असते. लेकीच्या शाळेत नेडॉक (NAIDOC) सप्ताह आहे, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांचा, ‘ॲबोरिजिनल’ आणि टॉरेस स्ट्रेट बेटांवरच्या लोकांचा आठवडा. तो खरा जुलैच्या पहिल्या रविवारपासून, पण तेव्हा इथे बहुतेक हिवाळी सुट्टी असते, म्हणून शाळा आधीच साजरा करते. पालकांसाठीचं मराठी पत्रक माझ्या गळ्यात पडलंय. ‘ॲबोरिजिनल’ला आदिवासी लिहू की मूलनिवासी? आणि कार्यक्रमाच्या सुरुवातीला होणाऱ्या ‘वेलकम टू कंट्री’ या स्वागताचं काय करू? ‘देशात स्वागत’ म्हणजे विमानतळावरची पाटी वाटते.

शब्दवेडा: आदिवासी लिहा. ९ ऑगस्टला नंदुरबार-पालघरकडे जागतिक आदिवासी दिन होतो, तिथे हाच शब्द चालतो. मूलनिवासी अर्थाला धरून आहे, पण आपल्याकडे त्याला चळवळीचा रंग आहे. भूमिपुत्र तर नकोच, वाचणाऱ्याला थेट मुंबईचं राजकारण आठवेल.

कोरांटी: मला आदिवासी खटकतो. मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे लगेच पाडा, तारपा, वारली चित्रं येतात. ऑस्ट्रेलियातले बहुतेक ॲबोरिजिनल लोक शहरांत-गावांत राहतात. शिवाय १७८८ मध्ये इंग्रज वसाहत झाली तेव्हा तिथे अडीचशेवर भाषा होत्या, एकाच शब्दात किती जण कोंबणार? मेलबर्नचं मूळ नाव नार्म. यारा नदीच्या परिसरातले मूळ लोक वुरुंजेरी. त्यांचंच नाव आधी लिहा, मग ‘इथले मूळ रहिवासी’ एवढं पुरे. आणि ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीमधल्या टॉरेस स्ट्रेट बेटांवरचे लोक वेगळे, त्यांचा स्वतंत्र उल्लेख हवा. ‘ॲबोरिजिनी’ मात्र टाळा, तो आता अपमानकारक समजतात.

शब्दवेडा: नावाचं पटलं. सर्वसाधारण उल्लेखाला मी आदिवासीच ठेवेन.

गावकूस: ‘साजरा’वर कुणी बोललं नाही! या सप्ताहाचं मूळ २६ जानेवारी १९३८ च्या सिडनीतल्या शोकदिनात आहे. गोऱ्यांच्या आगमनाला दीडशे वर्षं झाली म्हणून सरकारी जल्लोष चालू होता, त्याच दिवशी हे लोक दुखवटा पाळत होते. आपण सण साजरा करतो, सुतक पाळतो. नेडॉकमधला ‘ओ’सुद्धा ‘ऑब्झर्व्हन्स’चा, म्हणजे पाळण्याचाच आहे. पण १९५५ मध्ये तो दिवस जुलैत आला, १९७५ पासून आठवडाभराचा झाला, आणि आज त्यात नाच, चित्रं, खाणं सगळं असतं. तेव्हा ‘साजरा’ चालेल. शोकदिनाची एक ओळ मात्र घाला.

‘कंट्री’ म्हणजे नकाशावरचा देश नव्हे. जमीन, पाणी, आभाळ, पूर्वज आणि त्यांची राखण करायची जबाबदारी, सगळं त्यात येतं. आपल्या काळी-पांढरीच्या (शेतजमीन आणि गावठाण) जवळचं काहीतरी, पण तो शब्द आता शहरातल्या पोरांना कळायचा नाही. ‘भूमी’ लिहा.

यारातीर: मग ‘वेलकम’ला ‘भूमीवर स्वागत’ आणि इतरांनी म्हणायच्या ‘ॲक्नॉलेजमेंट ऑफ कंट्री’ला ‘भूमीला वंदन’?

कोरांटी: वंदन नको, पूजा वाटते. स्वागत फक्त त्या भूमीचेच लोक करू शकतात, बहुधा त्यांच्यातले ज्येष्ठ. ‘ॲक्नॉलेजमेंट’ मात्र कुणीही म्हणू शकतं, तुमची लेकसुद्धा. म्हणून ‘या भूमीच्या मूळ राखणदारांचा आदरपूर्वक उल्लेख’. लांबलचक आहे, पण खरं आहे.

यारातीर: घेतलं. त्या ज्येष्ठांना सगळे ‘आंटी’ म्हणतात, ते मावशी करू?

गावकूस: नको हो, आंटीच राहू द्या, पुढे त्यांचं नाव. तिथे तो मानाचा शब्द आहे, कंसात तेवढं सांगा. नाहीतर आपले लोक सोसायटीतली आंटी समजतील.