मदत हवी आहे: मणक्यातली गाठ काढल्यावर 9 वर्षांनी पाय बधिर

पेशंट राजापूरकडची, वय 52. छातीच्या मणक्यातला मेनिंजिओमा (मज्जारज्जूच्या आवरणाची गाठ) काढलेला, स्क्रू टायटॅनियमचे. दोन महिने तळवे बधिर. पायातली चप्पल निसटली तरी कळत नाही, चिऱ्याच्या पायऱ्या बघून उतरावं लागतं. साखर, बी-12 ठीक. गुडघ्याचे रिफ्लेक्स जोरात, म्हणजे दुखणं पायाच्या नसांत नाही, वर मज्जारज्जूत असावं. गाठ परत आली, सिरिंक्स (रज्जूच्या आत पाण्याची पोकळी) झाला की व्रणाने रज्जू चिकटला, हे साध्या एमआरआयवर नीट सुटायचं नाही. गॅडोलिनियम (शिरेतून द्यायचं कॉन्ट्रास्ट औषध) हवं, आधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी). मशीन 1.5 टेस्ला (चुंबकाची ताकद) बरं, 3 टेस्लावर स्क्रूची सावली जास्त पडते.

रत्नागिरी-कणकवली पट्ट्यात असा एमआरआय कुठे होतो, की अणुस्कुरा घाटाने कोल्हापूरच गाठावं? जुन्या फिल्म हरवल्यात, डिस्चार्ज कार्ड तेवढं आहे. बायोप्सीचा रिपोर्ट इतक्या वर्षांनी मागायचा कसा? (लघवी अडली तर वाट बघणार नाही, थेट इमर्जन्सी.)