शेवटी ‘नानक’ आलं म्हणून पद गुरू नानकांचं ठरत नाही

गुरू ग्रंथसाहिब या शीख धर्मग्रंथातली ‘सुखमनी’ ही दीर्घ रचना गुरू नानकांची आहे, असं कुणी म्हटलं तर ते चूक. ती पाचवे गुरू अर्जनदेव यांची आहे. गोंधळ नेहमी इथेच होतो, कारण ग्रंथात पुढच्या गुरूंनीही आपल्या रचनेत ‘नानक’ हीच नाममुद्रा (पदात गुंफलेलं कवीचं नाव) वापरली. त्यामुळे शेवटची ओळ बघून कर्ता ठरवू नका, शीर्षक बघा. ‘महला’पुढचा आकडा म्हणजे कितवा गुरू. ‘आसा महला 4’ म्हणजे राग आसा, रचना चौथे गुरू रामदास यांची. आकडे 1 ते 5 आणि 9 एवढेच भेटतील. 6, 7, 8 या गुरूंची वाणी ग्रंथात नाही. 1604 च्या मूळ संकलनात नववे गुरू तेगबहादूरही नव्हते, त्यांची पदं नंतर आली.

‘वार’ (पउड्या म्हणजे कडवी आणि मधले श्लोक अशी दीर्घ रचना) वाचताना जास्त जपा. ‘आसा दी वार’च्या 24 पउड्या गुरू नानकांच्या, पण मधल्या श्लोकांत दुसरे गुरू अंगद यांचेही आहेत. तिथे प्रत्येक श्लोकावरचा ‘म: 1’ किंवा ‘म: 2’ (म: म्हणजे महला) वेगळा वाचावाच लागतो.

आपल्या नामदेवांना महल्याचा आकडा नाही. त्यांची पदं रागाच्या शेवटी, भगतांच्या (गुरू नसलेल्या संतांच्या) वाणीत, त्यांच्याच नावाने शोधा.