अल्फा आवृत्ती नेमकी कुणासाठी? (जीएचसीच्या निमित्ताने)

लॅम्डाकर

जीएचसीच्या, म्हणजे हास्केल या प्रोग्रामिंग भाषेतला कोड यंत्रावर चालेल असा करणाऱ्या ग्लासगो हास्केल कंपायलरच्या, पुढच्या आवृत्तीची अल्फा (चाचणीसाठी आधी काढलेली कच्ची आवृत्ती) आली की आवाहन होतं: वापरून बघा, बग कळवा. ती वापरायला हवी ज्यांच्याकडे लाखभर ओळींचा कोड आहे त्यांनी, आणि नेमकं त्यांनाच ते जमत नाही. माझं ठाम मत आहे की अल्फा फार लवकर बाहेर काढली जाते. पायाभूत लायब्रऱ्या (इतरांनी वापरायचा तयार कोड) आणि एडिटरमध्ये लिहितानाच चुका दाखवणारा हास्केल लँग्वेज सर्व्हर नव्या कंपायलरवर उभा राहीपर्यंत ती जाहीरच करू नये.

कारण सांगतो. जीएचसीबरोबर ‘बेस’ ही मूळ लायब्ररी येते आणि तिचा आकडा कंपायलरला बांधलेला असतो. ९.६ बरोबर बेस ४.१८, ९.८ बरोबर ४.१९, ९.१० बरोबर ४.२०. हॅकेजवरच्या, म्हणजे हास्केलच्या सार्वजनिक कोठारातल्या, बऱ्याच लायब्रऱ्या शिस्तीने वरची मर्यादा लिहितात, की बेस अमुक आकड्याच्या आतलाच हवा. मग नवा कंपायलर बसवला की कोडची एक ओळही तपासली जाण्याआधी कबाल हे लायब्रऱ्या जुळवणारं हत्यार हात वर करतं, जुळणारा संच सापडत नाही म्हणून. ‘अलाउ-न्यूअर’ लिहून मर्यादा उठवली तर पुढे टेम्प्लेट हास्केल (कंपाइल होतानाच कोड तयार करण्याची सोय) वापरणारी एखादी लायब्ररी फुटते, कारण ती कंपायलरच्या अंतर्गत रचनेशी जोडलेली असते. माझा स्वतःचा कोड कंपाइल व्हायची पाळी येईपर्यंत संध्याकाळ झालेली असते.

याची किंमत काय, ते ९.० ने दाखवून दिलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये आलेल्या त्या आवृत्तीत टाइप-तपासणीतला, एक टाइप दुसऱ्याच्या जागी कधी चालेल हे ठरवणारा, एक नियम सोपा केला गेला, ‘सिम्प्लिफाइड सबसम्प्शन’. कागदावर बदल छोटा. प्रत्यक्षात ज्यांनी ‘ॲप’सारखं टाइपचं टोपणनाव करून त्याच्या पोटात ‘फॉरऑल एम’ (‘कुठल्याही एमसाठी’) लपवला होता, त्यांचा कोड ठिकठिकाणी मोडला. आधी ‘मॅपएम हँडल यादी’ एवढं लिहून भागायचं. आता ‘मॅपएम (\एक्स -> हँडल एक्स) यादी’ असं लिहावं लागलं, आणि तेही शेकडो जागी. बऱ्याच जणांनी ९.० गाळून थेट ९.२ गाठली, त्यामुळे खरी ओरड झाली ती २०२२ च्या मध्यात. शेवटी ९.२.४ मध्ये ‘डीप-सबसम्प्शन’ हे एक्स्टेन्शन देऊन जुनी वागणूक परत मिळवून द्यावी लागली. मध्ये सव्वा-दीड वर्ष गेलं. ९.० च्या अल्फावर त्या मोठ्या कोडबेसपैकी दोन-तीन जरी कंपाइल करून बघता आले असते, तर हे आधीच कळलं असतं.

ग्रंथपाल

असहमत, आणि चांगलाच असहमत.

मी काही लायब्रऱ्या सांभाळतो. तुम्ही म्हणता, लायब्रऱ्या तयार झाल्यावर अल्फा काढा. आम्ही तयार व्हायचं ते कशावर? रोज बदलणाऱ्या मुख्य ब्रँचवर, म्हणजे कंपायलरच्या चालू कामाच्या कोडवर? आज एका फंक्शनची सही बदलली म्हणून पॅच लिहायचा आणि आठवड्याने ती पुन्हा फिरली की तो फेकून द्यायचा, असलं काम फावल्या वेळात कोण करेल? अल्फा म्हणजे ‘आता यापुढे फारसं हलणार नाही’ असा शब्द. तो मिळाल्याशिवाय मी मर्यादा उठवत नाही, आणि उठवूही नये. मिळाला की मात्र काम झटपट होतं. कोड बदलायची गरज नसेल तर हॅकेजवर फक्त रिव्हिजन करून वरचा आकडा सरकवतो, नवी आवृत्ती चढवावीही लागत नाही.

शिवाय अल्फा बाहेर पडण्याआधी काहीच तपासलं जात नाही, हा समज चुकीचा आहे. ‘हेड डॉट हॅकेज’ नावाचं कोठार जीएचसीवालेच चालवतात. त्यात हॅकेजवरच्या लायब्रऱ्यांसाठी नव्या कंपायलरला जुळणारे पॅच असतात, आणि त्या लायब्रऱ्या नव्या कंपायलरवर बांधून काय काय फुटतं ते पाहिलं जातं. प्रकल्पाच्या फाइलमध्ये हे कोठार जोडा, जीएचसी बसवून देणाऱ्या जीएचसीअपमध्ये प्रीरिलीज चॅनल चालू करा, निम्मी कटकट तिथेच मिटते.

आणि सबसम्प्शनचा बदल हौसेखातर नव्हता. जुना नियम चालवण्यासाठी कंपायलर तुमच्या पाठीमागे गुपचूप लॅम्डा (बिननावाचं फंक्शन) घुसडायचा. त्याने ‘सेक’ची (मूल्य लगेच काढायला लावणाऱ्या फंक्शनची) वागणूक बदलू शकते, आणि एकदाच व्हायची आकडेमोड पुन्हापुन्हा होऊ शकते. कंपायलरने न विचारता कार्यक्रमाचा अर्थ बदलावा, हे हास्केलसारख्या भाषेत मला तरी चालणार नाही. ९.२ मधलं इम्प्रेडिकेटिव्ह टाइप्सचं (दुसऱ्या टाइपच्या पोटात ‘फॉरऑल’ ठेवू देण्याचं) नवं काम याच सोपेपणावर उभं आहे.

लॅम्डाकर

ग्रंथपाल, बदलामागचा हेतू मला मान्य आहे. मुद्दा तो कधी आणि कुणाच्या लक्षात आला हा आहे. हेड डॉट हॅकेजमध्ये फक्त सार्वजनिक लायब्रऱ्या असतात. लायब्ररी लिहिणारा माणूस टाइपांच्या बाबतीत जपून असतो, आणि त्याचा कोडही आटोपशीर असतो. मोनाडचं (कृती एकापुढे एक जोडणाऱ्या टाइपचं) टोपणनाव करून चारशे फाइलींत वापरणं ही अर्जांच्या, हिशोबांच्या, पैशांच्या व्यवहारांच्या कोडची सवय आहे आणि तो कोड कंपन्यांच्या कुलपात असतो. हॅकेजवर चाचणी हिरवी दिसली म्हणून तिकडे काय होईल याचा अंदाज बांधता येत नाही. डीप-सबसम्प्शन परत आलं ते याच लोकांच्या तक्रारींमुळे.

अण्णा_बिल्ड

दोघांचं वाचलं. आवृत्ती बांधण्याची बाजू कुणीच धरत नाहीये, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

मुख्य ब्रँचवर आकडा विषम असतो, उदाहरणार्थ ९.११. त्यातून ९.१२ ची ब्रँच तोडली की तिथे नवी वैशिष्ट्यं घेणं थांबतं. अल्फाच्या आकड्याला तारीख जोडलेली असते, ९.१२.० आणि पुढे वर्ष-महिना-दिवस, म्हणजे कोणती अल्फा कुठल्या दिवसाची ते नावावरूनच कळतं. तिथून पुढे मुख्य ब्रँचवर झालेली प्रत्येक दुरुस्ती बघून ठरवायचं की ही मागे आणायची का. ती आणताना कॉन्फ्लिक्ट आला तर ज्याने मूळ बदल केला त्याला गाठायचं. चाचण्यांचा अख्खा संच पुन्हा चालवायचा. मग बायनरी (थेट चालवता येणाऱ्या फाइली) बांधायच्या: डेबियन, फेडोरा, उबुंटू, स्टॅटिकसाठी अल्पाइन, विंडोज, इंटेलचा मॅक, आर्मचा मॅक. एका ठिकाणी लिंकर (तुकडे जोडणारं हत्यार) अडला की सगळे थांबतात. रिलीज नोट्स आणि स्थलांतराची मार्गदर्शिका लिहायची ती वेगळीच.

आता लॅम्डाकर म्हणतात तसं करून बघा. ब्रँच तोडली आहे, पण लँग्वेज सर्व्हर तयार नाही म्हणून अल्फा दोन-तीन महिने रोखून धरली. तेवढ्यात मुख्य ब्रँच कितीतरी पुढे जाते आणि मागे आणायच्या प्रत्येक दुरुस्तीचं काम अवघड होत जातं. त्यात मागच्या दोन आवृत्त्यांचेही बग निस्तरायचे असतातच. हे करणारे लोक मोजके आहेत. उशीर फुकट मिळत नाही, तो त्यांच्या अंगावर पडतो.

आणि विंडोजवरचा तुटका इन्स्टॉलर किंवा आर्मवरचा चुकीचा मशीन कोड शोधायला तुमची लाखभर ओळींची सिस्टिम लागत नाही. ‘नमस्कार’ छापणारा कार्यक्रम पुरतो, फक्त तो कुणीतरी वेगळ्या यंत्रावर चालवायला हवा. पहिल्या अल्फाचं ते काम आहे.

रेवा

मी ओकॅमल या दुसऱ्या प्रोग्रामिंग भाषेतली, तरी बोलते, कारण तिकडे या प्रश्नाचं मला पटलेलं उत्तर आहे.

ओकॅमल ५.० ही साधी आवृत्ती नव्हती. अनेक कोअर एकाच वेळी वापरू शकणारा रनटाइम, इफेक्ट हँडलर, नको झालेली मेमरी मोकळी करणारा, नव्याने लिहिलेला कचरा-संकलक. केंब्रिजमध्ये सुरू झालेलं आणि पुढे आयआयटी मद्रासच्या के. सी. शिवरामकृष्णन यांच्या पुढाकाराने तडीला गेलेलं हे काम. जून २०२२ मध्ये पहिली अल्फा आली, अंतिम आवृत्ती १६ डिसेंबर २०२२ ला. मधला सगळा काळ ओपॅममधली (ओकॅमलच्या कोठारातली) पॅकेजं नव्या कंपायलरवर बांधली जात होती आणि कुठलं पॅकेज कशामुळे अडलंय याची एक उघडी यादी होती. स्ट्रीम मॉड्यूल काढलं म्हणून काय मोडलं, नेकेड पॉइंटर (ओकॅमलच्या मेमरीबाहेरचे थेट पत्ते) बंद केले म्हणून सी भाषेशी असलेली कुठली जोडणी मोडली, सगळं नावानिशी.

तिथला संकेत असा: अल्फा ही हत्यारं बनवणाऱ्यांसाठी, म्हणजे बिल्ड करणारं ड्यून, एडिटरला मदत करणारं मर्लिन, कोडचं रूपांतर करणाऱ्या हत्यारांचा पाया असलेलं पीपीएक्सलिब यांच्यासाठी. ही मंडळी बहुतांश उभी राहिली की बीटा जाहीर होते, आणि तिथून पुढे सर्वांना बोलावणं. लॅम्डाकरांना हवं आहे ती खरं तर बीटा आहे आणि ग्रंथपालांना हवी आहे ती अल्फा. जीएचसीमध्ये पहिली अल्फा, दुसरी अल्फा, तिसरी अल्फा असे आकडे चढत जातात. त्यातली कितवी माझ्यासारखीने उचलावी, हे नावावरून काहीच कळत नाही.

दुसरं, ५.० अपुरी आहे हे लपवलं नाही. नेटिव्ह कोड फक्त ६४-बिट इंटेल-एएमडी आणि आर्मसाठी होता. रिस्क-फाइव्ह प्रोसेसरचा आधार ५.१ मध्ये परतला, पॉवर प्रोसेसरचा ५.२ मध्ये, आणि हीप कॉम्पॅक्शनही (विखुरलेली मेमरी एकत्र आणणं) ५.२ मध्येच. तोवर जुन्या ४.१४ ची देखभाल चालू ठेवली, म्हणून कुणाचा धंदा अडला नाही.

ग्रंथपाल

रेवा यांच्या मुद्द्याला +१. तरी ओकॅमलकडे एक सोय आहे जी आमच्याकडे अजून नीट नाही. वाक्यरचनेचे बदल पीपीएक्सलिब एका जागी झेलतं, बाकीच्यांना फारशी झळ लागत नाही. आमच्याकडे टेम्प्लेट हास्केल थेट उघड्यावर आहे. मूळ दुखणं बेस कंपायलरला जखडलेला असण्यात आहे. ९.१० मध्ये ‘जीएचसी-इंटर्नल’ (कंपायलरशी जखडलेला अंतर्गत भाग) वेगळं काढलं ते या दिशेचंच पाऊल. ते पूर्णत्वाला गेलं तर नव्या कंपायलरवर जुना बेस बसवता येईल, आणि मग अल्फा तपासायला माझी वाट बघावी लागणार नाही.

लॅम्डाकर

रेवा यांची मांडणी माझ्या मूळ मागणीपेक्षा चांगली आहे आणि मी तीच उचलतो: अल्फा हवी तेव्हा काढा, पण ‘आता कंपन्यांनी या’ असं सांगणारा एक वेगळा टप्पा ठेवा, आणि त्याची अट लिहून ठेवा. अमुक पन्नास लायब्रऱ्या पॅचशिवाय बांधल्या जातात, लँग्वेज सर्व्हर चालतो, मगच तो टप्पा. त्यानंतर निदान सहा आठवडे द्या. मोठा कोड नव्या कंपायलरवर न्यायला मालकाकडून वेळ मागावा लागतो, तो एका शनिवार-रविवारात होत नाही.

अण्णा_बिल्ड

सहा आठवड्यांना माझी हरकत नाही, अट लिहून ठेवण्यालाही नाही. पण कंपन्या येतील याची खात्री मला वाटत नाही. ९.१४ ही जीएचसीची पहिली एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ देखभालीची, आवृत्ती, किमान दोन वर्षांच्या देखभालीचं आश्वासन असलेली. माझा कयास असा की मोठा कोड असलेले सगळे तिथे जाऊन बसतील आणि मधल्या आवृत्त्यांच्या अल्फा, बीटा, काहीही उघडून बघणार नाहीत. मग पुढच्या एलटीएसला दोन वर्षांचे बदल एकदम अंगावर येतील. लॅम्डाकर, तुमच्या कंपनीत रात्रीच्या बिल्डमध्ये प्रीरिलीज कंपायलरची एक ओळ, नापास झाली तरी चालेल अशी, टाकायला परवानगी मिळेल का? तेवढं चार-पाच ठिकाणी झालं तरी सबसम्प्शनसारखी गोष्ट अल्फातच सापडेल.

लॅम्डाकर

विचारतो. लँग्वेज सर्व्हर तिथे लागत नाही, त्यामुळे तो अडसर गेला. टेम्प्लेट हास्केलवाल्या लायब्रऱ्यांसाठी हेड डॉट हॅकेज जोडून बघतो, ज्या नसतील त्यांची यादी इथेच टाकतो.