क्लबहाऊसमधले ड्रम

ए-३०१ (ताई): रात्री साडेनऊला क्लबहाऊसमध्ये ड्रम कोण बडवतंय?? मुलांच्या परीक्षा आहेत, काय भिया जरा तर बघा

सी-१०४: सॉरी ताई 🙏 चर्चच्या यूथ ग्रुपची ईस्टरची प्रॅक्टिस होती. उद्यापासून आठला बंद, पक्का

बी-२०२ (वसईवाले काका): परीक्षेचं ताई बोलल्याच, मी वेगळंच विचारतो. ईस्टरच्या रात्रीच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य पूजेला, ड्रम सेट??

सी-१०४: काका दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे बिशपांच्या त्या मोठ्या सभेनंतर, सगळं चालतं

बी-२०२: कोणी सांगितलं सगळं चालतं? डिसेंबर १९६३ मध्ये त्याच परिषदेत पूजाविधीचा दस्तऐवज पास झाला त्यात ग्रेगोरियन गायनाला, म्हणजे जुन्या लॅटिन गायनाला, पहिला मान आहे, पाइप ऑर्गनचं कौतुक आहे, बाकीची वाद्यं चालतील पण पवित्र कामाला शोभतील अशी, आणि त्यांनी लोकांच्या भक्तीत भर पडली पाहिजे. त्याच्या आधी १९०३ ला दहाव्या पायस पोपनी तर ड्रम, झांजा सोडा, पियानोसुद्धा चर्चमध्ये बंद केला होता

डी-४०३ (गाणं शिकवणारे दादा): पियानो?! 😀 काका आपल्याकडे आकाशवाणीनी १९४० ला पेटीवर बंदी घातलेली, तिच्यात मींड म्हणजे सुरावरून सुरावर घसरत जाणं निघत नाही, श्रुती म्हणजे सुरांमधले बारीक सूर लागत नाहीत म्हणून, ती १९७१ पर्यंत चालली. आणि आता रामबागेत पेटीशिवाय भजन होऊन दाखवा

सी-१०४: तेच तर दादा!! आणि ख्रिसमसचं गाणं सायलेंट नाइट १८१८ ला ऑस्ट्रियात पहिल्यांदा गायलं ते गिटारवरच

बी-२०२: गिटारशी माझं भांडण नाहीच रे. अपन इथे हिंदी भजनं तबला-पेटीवर म्हणतोच, मला आवडतात, परिषदेनी सांगितलंच आहे की मिशनच्या मुलखात तिथल्या लोकांच्या संगीताला मान द्या. मी लहानपणी वसईत लॅटिन मिस्साला फादरांचा वेदीवरचा सेवक होतो, शब्द पाठ होते पण अर्थ कळत नव्हता, त्यामुळे जुनं ते सगळं सोनं असं मी म्हणणार नाही. माझा मुद्दा असा की मागच्या ख्रिसमसला तुम्ही 'पवित्र, पवित्र, पवित्र'च्या जागी यूट्यूबवरचं एक छानसं गाणं घेतलंत, छान होतं, पण ते शब्द मिस्साचे ठरलेले आहेत, प्रवेशाचं गीत बदला, अर्पणाचं बदला, तिथे मोकळीक आहे, हे बदलता येत नाही. आणि दुसरं म्हणजे ते गाणं फक्त तुम्ही पाच जण गात होता आणि आम्ही खाली बसून ऐकत होतो, शेवटी टाळ्यासुद्धा पडल्या!

ए-३०१: काका हे अगदी आमच्या गणपतीसारखं, आरती मोबाइलवर लावायची आणि सगळ्यांनी फक्त टाळ्या वाजवायच्या. कोणाला 'घालीन लोटांगण' पाठ नाही आता

बी-२०२: ताई आमच्याकडे रोमच्या १९५८ च्या सूचनेत हेच लिहिलंय, मिस्सात रेकॉर्ड, टेप वाजवायची नाही. म्हणून सांगतो ते कॅराओके ट्रॅकचं खूळ आधी काढा

सी-१०४: 🙈 ट्रॅक कॅन्सल. पण काका आमचा कीबोर्डवाला ईस्टरला गावी जाणार आहे, म्हणूनच ट्रॅक घेतलेला

डी-४०३: मी येतो पेटी घेऊन. चालेल ना फादरांना?

सी-१०४: विचारतो, चालेल बहुतेक. पण ड्रमचं काय ते सांगा ना काका 😅

बी-२०२: बघ, सध्या प्रायश्चित्तकाळ आहे, म्हणजे ईस्टरच्या आधीचे उपवासाचे दिवस, ऑर्गनसुद्धा नुसता गाण्याला आधार म्हणून वाजवायचा, ग्लोरिया म्हणजे 'परमोच्च स्वर्गात' हे स्तुतिगीत नाही. ईस्टरच्या आधीच्या पवित्र गुरुवारी ग्लोरिया होतो, घंटा वाजतात, मग घंटा बंद ते थेट ईस्टरच्या रात्रीच्या ग्लोरियापर्यंत. इतके दिवस दाबून ठेवलेला आनंद तिथे उसळतो, तर तिथे ड्रम हळू वाजवलास तर फादर काय म्हणतील ते म्हणोत, मी तरी उठून जाणार नाही. स्तोत्राला आणि कम्युनियनला, म्हणजे पवित्र भाकर घेतानाच्या गाण्याला, ड्रमला हात लावू नको

सी-१०४: डन काका!! ❤️

बी-२०२: आणि चाल दोन सूर खाली घ्या. परवा प्रॅक्टिसला 'परमोच्च स्वर्गात' म्हणताना तुमच्यातल्याच निम्म्या मुलांचा आवाज फाटत होता, तिथे आमच्या पहिल्या बाकावरच्या म्हाताऱ्या काय गाणार