मित्र रोड बाईक घ्यायलाय, ३८ हजारात पैसे वसूल का? (अर्जंट)

औसा_रोड
मंडळी, मित्र रोड बाईक घ्यायलाय, बारीक टायरची, वाकड्या हँडलची सायकल. फ्रेम कार्बन फायबरची आहे, गिअर शिमानोचे सोरा आहेत, समोरचा ३८ हजार म्हणतोय. सायकलीतलं मला कळतं असा त्याचा समज, म्हणून निर्णय माझ्या गळ्यात. जास्त होतात का बरोबर? संध्याकाळपर्यंत सांगायचंय. व्यायामाचे फायदे वगैरे नकोत, पैसे वसूल आहे का नाही तेवढंच सांगा.

चेनल्यूब
नवी का जुनी? कोणत्या सालची? रिम ब्रेक का डिस्क? फ्रेम साइज? मित्राची उंची? चालवणार कुठं? एवढं माहीत नसताना भाव सांगणं म्हणजे बैलाचे दात न बघता दावं हातात घेणं.

औसा_रोड
जुनीच हो. ३८ मध्ये नवी कार्बन कोण देतंय? २०२० ची आहे म्हणतात. रिम ब्रेक. मित्र लातूरचा, विकणारा संभाजीनगरचा. उंचीचा आणि किमतीचा काय संबंध ते कळलं नाही.

तात्या_परभणीकर
रोड बाईक घेऊच नका. आपल्याकडं रस्ते हायेत का तसले? सरळ हँडलची हायब्रिड घ्या, ३५ मिमीचा जाड टायर टाका, बांधावरून न्या नाहीतर महामार्गावरून. मी तेच वापरतो. खाली वाकून वाकून मान धरते ते वेगळंच.

घाटवाला
तात्या, प्रत्येक धाग्यात हायब्रिड! सोलापूर-धुळे महामार्गावर मांजरसुंब्याचा घाट रोड बाईकवाले रोज चढतात, त्यांच्या माना शाबूत आहेत.
औसा_रोड, फोटो टाका. समोरून नको, क्रँकच्या म्हणजे पेडलच्या दांड्याच्या बाजूनं. शिवाय फ्रेमचे जोड जवळून.

सोयाबीन_४८९२
मित्र शेतकरी आहे का? सोयाबीन विकून घेतोय का? २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ होता, त्याला हातात किती पडले ते विचारा आधी.

औसा_रोड
@सोयाबीन, सोयाबीनचेच पैसे आहेत पण तो विषय नाही इथं.
फोटो टाकलेत तीन.

चेनल्यूब
सोयाबीनराव, आयडीतला आकडा २०२४-२५ च्या हमीभावाचा आहे, बदला की तो.

घाटवाला
फोटो बघितले. दोन गोष्टी.
एक, क्रँकला पाच हात आहेत. नवीन सोरा, म्हणजे आर३०००, २०१६ मध्ये आली आणि तिच्या क्रँकला चार हात असतात. हँडलच्या बाजूनं गिअरच्या केबली बाहेर लोंबतायत त्याही बघा. आर३००० मध्ये त्या बार टेपच्या आत जातात. म्हणजे हा आधीच्या पिढीचा ३५०० सेट आहे. सायकल २०२० ला *घेतली* असेल, पण किंमत तिच्यावरच्या सामानाची लावायची, घेतल्याच्या तारखेची नाही.
दुसरी त्याहून मोठी. ही कार्बन नाही. हेडट्यूबला, म्हणजे हँडलखालच्या उभ्या नळीला, खालची नळी मिळते तिथं माशाच्या खवल्यासारखी वेल्डिंगची रेघ स्पष्ट दिसते. ती अलॉय, म्हणजे ॲल्युमिनियमची. कार्बन फक्त पुढचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, असावा. काही कंपन्या वेल्डिंग घासून गुळगुळीत करतात तेव्हा फसायला होतं, इथं तर तेही केलेलं नाही.

औसा_रोड
मित्राला फोन केला. विकणारा म्हणतो "कार्बन फोर्क म्हणजे कार्बनच की". आता?

लाल_माती
विकणाऱ्याच्या तोंडात साखर! उद्या कार्बनचा बाटली-पिंजरा लावेल आणि पूर्ण कार्बन म्हणेल.

नवखा_सायकलस्वार
जरा विषयांतर. मुलगा सातवीत आहे, त्याला गिअरची सायकल हवीय. २१ गिअरची बरी का ७ ची? शाळा दीड किलोमीटर.

तात्या_परभणीकर
@नवखा, हायब्रिड घ्या.

चेनल्यूब
@नवखा, दीड किलोमीटरला एकच गिअर पुरतो, उरलेले पैसे हेल्मेटवर घाला.
@औसा_रोड, चेन मोजायला सांगा. चेनगेज नसेल तर स्टीलची फूटपट्टी चालते. एका पिनच्या मध्यापासून १२ इंचावर बरोबर पिनचा मध्य आला तर चेन चांगली. पिन १२ इंचाच्या पुढं १/१६ इंच गेली तर चेन बदलायची. १/८ गेली म्हणजे मागची कॅसेट, म्हणजे गिअरच्या दातेरी चकत्याही खाल्ल्या असं धरा, नवीन चेन त्यांच्यावर घसरते. चेन ताणलेली असेल तर भाव खाली आणायला तेवढं एकच कारण पुरतं.

औसा_रोड
फूटपट्टी घेऊन संभाजीनगरला कोण जाणार? सायकल ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाकून येणारे.

घाटवाला
म्हणजे बघितलीच नाही कुणी?? मग ३८ चा हिशोब कशावर करायलात?

औसा_रोड
फोटोवर. म्हणून तर धागा काढला.

हिशोबी
जीएसटीचं कुणी बोलेना. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलवर १२ वरून ५ टक्के झालाय. नवीन स्वस्त झाली की जुनीचा भाव आपोआप उतरायला पाहिजे. ३८ हा जुन्या हिशोबातला आकडा वाटतोय.

लाल_माती
३५०० सेट चालतोय तोवर जीएसटी कोण मोजतंय! बिल आहे का ते विचारा. बिल नसेल तर किमान खाली पेडलजवळ कोरलेला फ्रेम नंबर चिठ्ठीवर लिहून विकणाऱ्याची सही घ्या. उद्या कुणी 'माझी चोरीला गेलेली' म्हणत आला तर हातात काहीतरी पाहिजे.

औसा_रोड
बिल हरवलं म्हणतात. साइज ५६ लिहिलीय सीट ट्यूबवर. मित्र ५ फूट ५ इंच. आता सांगा उंचीचं.

चेनल्यूब
आता सांगण्यासारखं काही राहिलं नाही. त्या उंचीला साधारण ५२ लागते. ५६ वर बसला की हँडल लांब पडणार, हात ताठ, अंगठ्याजवळ मुंग्या. स्टेम, म्हणजे हँडल धरणारा तुकडा, लहान टाकून वर्षभर ओढाल, पण फ्रेम लहान होत नाही. दोन्ही पाय टेकून उभं राहिल्यावर वरच्या नळीत आणि काखोटीत, म्हणजे खालच्या काखोटीत, बोटभर तरी जागा पाहिजे. इथं नळी टोचेल. फुकट दिली तरी त्याच्यासाठी ती महागच.

घाटवाला
सहमत. दुसऱ्या कुणाच्या मापाची असती तरी माझा आकडा २० चा. त्यात चेन, कॅसेट, दोन टायर, ब्रेकचे रबर, केबली, बार टेप असं सात-आठ हजारांचं काम निघतंच.

चेनल्यूब
२० जरा कमी लावले. फोर्क धड असेल आणि चाकं सरळ फिरत असतील तर २४-२५ सुद्धा चालतील.

घाटवाला
चाकं सरळ आहेत हे फोटोत कुठं दिसलं तुम्हाला? उगं दिलदारपणा.

चेनल्यूब
"असतील तर" लिहिलंय. वाचत जावा.

बाभूळबन
टायरचं कुणी बोललं नाही. असल्या जुन्या रिम ब्रेकमध्ये २५ मिमीचा टायर बसतो, फार तर २८. आपल्याकडं कडेनं वेड्या बाभळीचे काटे, उसाच्या हंगामात ट्रॉल्यांतून सांडलेली उसाची कांडकी आणि डांबर जिथं संपतं तिथं काळी माती. ट्यूबलेस करा, सीलंट भरा. मी सांगतोय म्हणून करा.

लाल_माती
जुन्या रिमवर ट्यूबलेस? हवेचा बार झाला की कळेल. जाड टायर, दोन जादा ट्यूब, प्रेस्टा म्हणजे बारीक वॉल्वला बसणारा पंप, बास. औशाच्या रस्त्यावर पंक्चरवाल्याकडं त्या वॉल्वचं डोकं नसतं.

बाभूळबन
ट्यूबलेस न वापरताच विरोध करणारे बरेच भेटतात.

औसा_रोड
थांबा. मित्राचा फोन होता. त्यानं ५ हजार टोकन आधीच पाठवलंय, फोनपेवर. मला आत्ता सांगतोय.

घाटवाला
मग आम्ही इतका वेळ काय करत होतो?

हिशोबी
पाचावर थांबू द्या, उरलेले ३३ वाचवा. 'कार्बन' लिहिलेला विकणाऱ्याचा मेसेज असेल तर त्याचा स्क्रीनशॉट काढून टोकन परत मागा, मेसेज डिलीट व्हायच्या आत.

औसा_रोड
मेसेजात "फुल कार्बन" लिहिलंय. स्क्रीनशॉट घेतला. मित्र म्हणतोय आता ब्रेव्हे, म्हणजे ठरल्या वेळेतली लांब पल्ल्याची राइड, करायची होती, २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, त्याचं काय. त्याला म्हणलं, आधी ५२ ची शोध.

मन्याडकाठ
धागा आत्ता वाचला. माझी उंची ५ फूट ११. मित्र सोडत असेल तर विकणाऱ्याचा नंबर व्यनि (खासगी निरोप) करा. कार्बन असो नसो, २२ देतो.

घाटवाला
२० वर थांबा हो.