ट्यूक्सबरीला कोणकोण जाऊन आलंय? अनुभव सांगा

सेव्हर्न आणि एव्हन नद्यांच्या संगमावरचं, इंग्लंडच्या ग्लॉस्टरशरमधलं हे जुनं बाजारपेठेचं गाव. मेमध्ये आईबाबा येताहेत, त्यांना न्यायचा बेत आहे. काय पाहिलंत, काय खाल्लंत, कुठे फसलात, सगळं लिहा.

चेल्टनमची सून
आधी फसलेलं. स्टेशनचं नाव ‘अ‍ॅशचर्च फॉर ट्यूक्सबरी’. त्या ‘फॉर’वर विसंबून उतरलो, तर गाव तिथून दोन मैलांवर! चालताना सासूबाई जे बोलल्या ते इथे नको. गावात शिरल्यावर मात्र त्याच खूश. लाकडी चौकटींची, रस्त्यावर वाकलेली घरं आणि दोन घरांच्या मधून आत जाणारे अरुंद बोळ. त्या प्रत्येक बोळात डोकावत होत्या. इथली मोहरीची चटणी हॉर्सरॅडिश नावाचं झणझणीत मूळ घालून करतात, पूर्वी तिचे गोळे वळून विकत. फोडणीत आयुष्य गेलेल्या सासूबाईंच्याही नाकातोंडातून पाणी आलं.

इतिहासवेडा
इंग्लंडच्या गादीसाठी लँकेस्टर आणि यॉर्क या पक्षांत झालेली 4 मे 1471 ची लढाई इथलीच. लँकेस्टर पक्षाचा युवराज एडवर्ड मारला गेला, वय 17. पळून अ‍ॅबीत, म्हणजे इथल्या मठाच्या चर्चमध्ये, लपलेल्या सरदारांना दोन दिवसांनी भर बाजारात शिरच्छेदाची शिक्षा झाली. पळणाऱ्यांची कत्तल झाली ते ‘ब्लडी मेडो’ आज साधं कुरण आहे, पाटी नसती तर मी पुढे गेलो असतो. मला त्यापेक्षा दुसरी गोष्ट आवडते. राजा आठव्या हेन्रीने मठ मोडीत काढले, तेव्हा गावकऱ्यांनी 453 पौंड मोजून हे चर्च स्वतःसाठी ठेवून घेतलं.

मूळ सांगलीकर
मी अ‍ॅबी बघायला गेलो नव्हतो, पाणी बघायला गेलो होतो. जुलै 2007 च्या पुराचा तो विमानातून काढलेला फोटो आठवतो? चहूकडे पाणी आणि मधे बेटासारखी अ‍ॅबी. नऊशे वर्षांपूर्वीच्या माणसांना जागा कळत होती. गावाला लागून सेव्हर्न हॅम नावाचं मोठं कुरण आहे. नदी चढली की आधी तिथे पसरते. त्यावर घरं नाहीत. आमच्याकडे अशा जागेचे कधीच प्लॉट पडले असते.

त्या पुरात गावाजवळच्या माइथचं जलशुद्धीकरण केंद्रच बुडालं आणि साडेतीन लाख लोकांचे नळ कोरडे पडले. दारात नदी आणि प्यायला टँकर! 2019 चा ऑगस्ट काढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

नदीकाठी एक आजोबा भेटले. पाणी कुठवर आलं होतं ते त्यांनी हाताने दाखवलं. मीही आमच्या घरातलं दाखवलं, छातीपर्यंत. मग कुठली नदी म्हणून विचारलं. ‘कृष्णा’ नीट म्हणता येईपर्यंत त्यांनी मला सोडलं नाही.